कुंकवाखालचे शून्य

ती चकती मी फिरवली होती. पाच शब्दांचे हे वाक्य कागदावर उतरायला सहा वर्षे लागली. चकती हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती आणि ती फिरवायला दोन क्षणही लागले नव्हते. मधला सगळा काळ माझ्या भित्रेपणाने खाल्ला. आणि तरीही माझा खरा अपराध चकतीचा नाही. तो एका वाक्याचा आहे. त्याच्याकडे मी यथावकाश येईन. अपराधी माणूस नेहमी यथावकाशच येतो.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना आमच्या कारखान्यात सगळे आप्पा म्हणत. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना पंपांचे सुटे भाग तयार करतो. मी तिथे अभियंता. आप्पा देखभाल विभागाचे प्रमुख, आणि त्या विभागातले एकमेव कर्मचारीही तेच. मूळचे बोरगावचे, जैन शेतकरी कुटुंबातले. शाळा सातवीपर्यंत. माझ्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. आप्पांना एखादा बिघाड सापडला की मी त्या चौकटीकडे बघत असे, बहुधा ती अजून जागेवर आहे याची खात्री करून घ्यायला.

आप्पा माणसांशी मराठीत बोलत आणि यंत्रांशी कानडीत. बंद पडलेल्या यंत्राजवळ जाऊन ते आधी त्याच्या अंगावर तळहात ठेवत आणि विचारत, "एन आय्तप्पा?" म्हणजे, काय झालं रे बाबा? एकदा मी त्यांना याचे कारण विचारले. ते म्हणाले, "माज्या वस्तादाची भाषा कानडी हुती सायेब. पयली लेथ त्येनंच शिकवली. मानसास्नी दोनी कळत्यात. यंत्राला का उगं तरास द्यायचा?"

रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी ते प्रत्येक यंत्राचे तांबडे, छत्रीसारखे, तातडीने थांबवायचे बटण एकदा दाबून बघत. सगळी यंत्रे एकेक करून चालू व्हायची, आप्पांकडून मरायची आणि पुन्हा चालू व्हायची. पंधरा मिनिटे जात. मी मालकांकडे तक्रार केली. आप्पा म्हणाले, "रोज दाबलं तरच अडचनीच्या दिवशी दबतंय. न्हायतर त्ये नुसतं कुंकवागत लावल्यालं." धूळ काढायला ते सायकलचा पंप वापरत, कारण कारखान्याच्या दाबाच्या हवेत पाण्याचा अंश असतो. आणि सूर्य बुडायच्या आत ते जेवत. दुसऱ्या पाळीला असले की साडेपाचला खिडकीतून उन्हाकडे एक नजर आणि डब्याकडे एक, अशी त्यांची उभ्या उभ्या पंगत बसे. त्या वेळी मालक जरी आले तरी भाकरी संपेपर्यंत त्यांना थांबावे लागे.

परंतु आप्पांचा खरा विक्षिप्तपणा रिसेटच्या बटणाशी निगडित होता.

आमच्या नव्या यंत्राला एक मोशन कंट्रोलर आहे. हत्यार कुठून कुठे, किती वेगाने सरकावे आणि कुठे थांबावे, हे सगळे त्या चपट्या पेटीच्या स्मरणात असते. काही अडले की तिच्या छोट्या पडद्यावर एक आकडा लुकलुकतो आणि यंत्र थांबते. रिसेट दाबले की आकडा जातो. बिघाड जातोच असे नाही; आकडा मात्र जातो. मी जन्मजात रिसेट दाबणाऱ्यांच्या पंथातला आहे. घरी पत्नीशी वाद झाला तरी दहाव्या मिनिटाला मी "चहा टाकू का?" असे विचारतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. पत्नी तसे समजत नाही.

आप्पांनी त्या बटणावर बामच्या डबीचे झाकण बिजागरी लावून बसवले होते. झाकण एका हाताने वर धरावे लागे आणि बटण दुसऱ्या हाताने दाबावे लागे. शिवाय त्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत: आकडा किती? आवाज कसला आला? तुझा हात कुठे होता?

"यंत्र सांगालंय काय झालं त्ये, आन् तू त्येचं त्वांड दाबालाईस व्हय रं?" असे ते चालकांना म्हणत.

तिसऱ्या प्रश्नाला सगळेच कंटाळले होते. परशा नावाचा आमचा चालक एकदा वैतागून म्हणाला, "आप्पा, हात माज्या खांद्यालाच हुता की वो! कुटं जातोय?"

"खांद्याला हाय म्हनून इचारतो, लेकरा," आप्पा म्हणाले. "तुटून पडल्यावर इचारत न्हाय. मग दिसतोयच की कुटं हाय त्यो."

ते झाकण म्हणजे उत्पादनातला अनावश्यक अडथळा आहे, असे टिपण मी मालकांना दिले होते. पुढे एका मोठ्या गिऱ्हाईकाकडून तपासनीस आले. त्यांनी ते झाकण दोनदा उघडून पाहिले आणि म्हणाले, "उत्तम! रिसेट करताना दोन्ही हात गुंततात. म्हणजे एकही हात यंत्रात राहू शकत नाही. कोणाची कल्पना?" मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी फक्त नम्रपणे मान खाली घातली. मान खाली घालण्याचे किती अर्थ होतात हे मला ठाऊक होते, आणि मी त्यातला सोयीचा अर्थ तपासनिसांना घेऊ दिला. तेव्हा आप्पा पलीकडे सायकलच्या पंपाला तेल देत होते. त्यांनी ऐकले की नाही, मला माहीत नाही.

आता खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रे पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. पाने, पक्कड, मोजपट्ट्या, सगळी हत्यारे पाटावर मांडली जातात. पूजेला ठेवलेले हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत कोणी उचलत नाही. ते विश्रांती घेत असते. आप्पा आपल्या हत्यारांबरोबर नव्या यंत्राच्या विद्युत कपाटाची किल्लीही पाटावर ठेवत. ती एकच किल्ली होती आणि एरवी त्यांच्या करगोट्याला बांधलेली असे. त्या कपाटाच्या आत मात्र ते कुंकवाचे बोट लावू देत नसत. "द्येव भाईर, वायरी आत," हा त्यांचा नियम. "कुंकू वल्लं असतंय. द्येवाला चालतंय, कंट्रोलरला न्हाय."

पूजा आटोपली, चुरमुरे-बत्ताशांच्या पुड्या वाटून झाल्या, वीज मुख्य खटक्यावरून बंद केली गेली, आणि आप्पा बोरगावच्या बसला गेले. मी मागे राहिलो.

माझी सासुरवाडी खानापुरात. भातशेतीवाली, बोलकी माणसे. दर सणाला सासरे चारचौघांत विचारत, "जावईबापू, तुम्ही नेमकं करता तरी काय?" मी दर वेळी समजावून सांगे आणि दर वेळी शेवटी ते म्हणत, "म्हणजे बटणं दाबता." त्या दिवशी मला वाटले, कंट्रोलरला कुंकू लावून, वर एक झेंडूचे फूल ठेवून छायाचित्र काढावे आणि खाली लिहावे: 'या यंत्राचा मेंदू. मी निवडलेला.' वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस इतका पोरकट असू शकतो, यावर माझा स्वतःचाही विश्वास बसला नसता.

मी पाटावरच्या फुलांखालून किल्ली उचलली. कपाट उघडले, बोटाने कुंकू लावले, छायाचित्र काढून पाठवले. मग आप्पांचा नियम आठवला आणि ओल्या रुमालाने मी कुंकू पुसू लागलो. ते अधिकच पसरले. कंट्रोलरवर दोन बारीक चकत्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या फिरवतात आणि बाण ज्या खुणेवर असेल त्याप्रमाणे कंट्रोलर वागतो. रुमाल टोकाला गुंडाळून मी त्या खाचा साफ करत असताना एक चकती टक् टक् करत सरकली. बाण शून्यावर असतो एवढे मला ठाऊक होते. कुंकवाखाली एक गोल खूण दिसली, तिच्यावर मी बाण आणला, कपाट लावले आणि किल्ली होती तशी फुलांखाली ठेवली. ती गोल खूण शून्याची नव्हती. ते इंग्रजी सी होते. त्याचे उघडे तोंड कुंकवाने बुजले होते. चकती त्या खुणेवर असताना वीज दिली, की कंट्रोलर आपले सगळे स्मरण पुसून टाकतो.

छायाचित्राला सासऱ्यांचे उत्तर आले: "छान. पण यात बटण कुठे आहे?"

दसऱ्यानंतर यंत्र चालू केले तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हते. सत्तावीस भागांची मापे आप्पांनी आठ महिने खपून, एकेक जागा घेऊन बसवली होती. ती सगळी गेली. त्यांची प्रत संगणकावर काढून ठेवणे हे काम माझे होते आणि ते मी 'पुढल्या आठवड्यात' करणार होतो. आप्पांनी कपाट उघडले, चष्मा पुसला आणि आत बराच वेळ पाहिले.

"चकती सी वर हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी परशाला आणि दुसऱ्या पाळीच्या चालकाला बोलावून एकेकाला विचारले, हात कुठे होता. दोघांनीही आईची शपथ घेतली. मी शेजारीच उभा होतो. मला त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी खरे सांगितले असते, असे मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिलो. आता तेवढीही खात्री देत नाही.

"किल्ली माज्याकडं," आप्पा मालकांना म्हणाले. "सनाच्या आदल्या दिशी पंपानं मीच धूळ झाडली. पूजेतली किल्ली उचलनारा मानूस आपल्यात न्हाय. म्हंजी हात माजाच."

मालक म्हणाले, "जाऊ द्या आप्पा. माणसाकडनंच चुकतंय."

आप्पांचा यंत्राच्या स्मरणावर कधीच विश्वास नव्हता. सत्तावीसच्या सत्तावीस भागांची मापे त्यांनी पेन्सिलीने एका वहीत उतरवून ठेवली होती. तीन दिवस आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी वहीतले आकडे वाचत होतो, ते कंट्रोलरला भरवत होते. "एकशे बारा पूर्णांक शून्य चार शून्य," मी म्हणे. "शून्य चार शून्य," ते म्हणत. दोन आकड्यांच्या मध्ये मला सत्य सांगायला जागा होती. अशा शेकडो जागा होत्या. प्रत्येक जागी मी पुढचा आकडा वाचला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा हात थांबला. आपल्या बोटांकडे बघत त्यांनी विचारले, "सायेब, मानसाचा हात त्येला न कळता हालतोय काय वो?"

हा प्रश्न त्यांनी मला विश्वासाने विचारला होता. मी शिकलेला होतो. आणि मी माझ्या नेहमीच्या मृदू आवाजात म्हणालो, "वय झालं की होतं असं, आप्पा."

हेच ते वाक्य. चकती चुकून फिरली होती. हे वाक्य चुकून आले नव्हते. ते मी निवडले होते.

यंत्र पूर्ववत चालू झाल्यावर आप्पांनी करगोट्याची किल्ली सोडून मालकांच्या मेजावर ठेवली. मालकांनी पुष्कळ समजावले. ते ऐकेनात. "ज्येला आपला हात कुटं हाय ह्ये कळंना, त्येनं हितं ऱ्हाऊ ने," एवढेच म्हणाले. निरोप समारंभात शाल आणि नारळ दिला. भाषण मी केले. आप्पांच्या अचूकतेवर मी नऊ मिनिटे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एक-दोघांनी डोळे पुसले. किल्ली मालकांनी माझ्या स्वाधीन केली, कारण आता जबाबदार माणूस मीच उरलो होतो.

सहा वर्षे मी बोरगावला गेलो नाही. निपाणीला चार लग्नांना गेलो. बोरगाव तिथून फार दूर नाही, हे चारही वेळा मला ठाऊक होते.

गेल्या महिन्यात परशा बोरगावकडच्या पाहुण्यांकडे जाऊन आला आणि सहज म्हणाला, "आप्पा लई खचल्यात बगा. कशाला हातच लावत न्हाईत. पोरगा कोल्हापूरला न्हेनार हाय त्येस्नी, डोस्क्याच्या डाक्टरकडं. इसरत्यात म्हनं."

"काय विसरतात?" मी विचारले.

"त्ये कुनाला म्हाईत? त्येच म्हनत्यात, मी इसरतोय."

पुढच्या रविवारी मी गेलो. आप्पा ओसरीवर बसले होते. अंगाने वाळले होते, पण मला पाहताच उठून उभे राहिले. सुनेने पाणी आणले. ते आत तोंड धुवायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "कुलूप लावलं तर वहीत लिवत्यात, कुलूप लावलं म्हनून. मग बगून येत्यात. परत लिवत्यात, बगितलं म्हनून. आमी कदी काय इसरल्यालं बगितलं न्हाय, पर त्येंचा सोताचाच इस्वास न्हाय. पोरास्नीबी उचलून घेत न्हाईत. म्हनत्यात, हातातनं पडंल."

आप्पा परत आले तोच शेजारचा शेतकरी फाटकातून डोकावला. "आप्पा, मळ्यातला स्टार्टर धरंना झालाय. जरा येतासा?"

आप्पांनी त्याला हात जोडले. "न्हाय रं बाबा. दुसऱ्या कुनालातर न्हे. माज्या हाताचा भरवसा न्हाय." तो शेतकरी उन्हात तिथेच रेंगाळला, त्याला खरेच दुसरे कोणी नसावे.

मी बोलायला सुरुवात केली. येताना बसमध्ये मजकूर चांगला बांधला होता. "आप्पा, त्या खंडेनवमीला, तुम्ही गेल्यानंतर, ते कपाट उघडले गेले होते."

"कुनी?"

सगळा बांधलेला मजकूर त्या एका शब्दावर कोसळला. "मी," मी म्हणालो. मग किल्ली, कुंकू, सासरे, रुमाल, सगळे सांगितले. आप्पा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजुतीने म्हणाले, "सायेब, तुमचं मन मोटं. परश्यानं सांगितलं आसंल माजं. म्हाताऱ्याचं मन राकायला एवडं खोटं नगा बोलू."

सहा वर्षे मी गुन्हा लपवला, आणि आता तो माझाच आहे हे कोणी मानायला तयार नव्हते. मी वाद घालू लागलो. स्वतःच्या विरुद्ध इतक्या हिरिरीने मी कधी बोललो नव्हतो. सासऱ्यांचे उत्तरसुद्धा शब्दशः सांगितले. आप्पा मान हलवत राहिले. "पूजेतली किल्ली? तुमी? न्हाय. तुमी शिकलेली मानसं हाईसा."

"आप्पा, पाली-झुरळे येऊ नयेत म्हणून तुम्ही ठेवलेली एक कापडी पुरचुंडी कपाटात तळाला होती," मला एकदम आठवले. "डांबरगोळ्यांची. माझ्या कोपराने ती खाली पडली. सुटली, गोळ्या घरंगळल्या. मी त्या गोळा करून पुन्हा बांधल्या आणि उजवीकडे ठेवल्या."

आप्पांचा हात माझ्या गुडघ्यावरून उठला.

"डावीकडं ठेवतो मी," ते हळू म्हणाले. "आन् गाठ सुतळीची सरगाठ हुती. त्या दिशी साधी गाठ मिळाली. म्या म्हनलं, बग, गाठसुदीक इसरलास." ते थांबले. "ह्ये मी कुनालाच सांगितलं न्हवतं."

रागावतील, उठून जा म्हणतील, अशी मी वाट पाहिली. खरे तर मला ते हवे होते. ते फाटकाकडे बघत होते. मग त्यांनी विचारले, "मला वय झालं म्हनला, तवा तुमास्नी ठावं हुतं?"

"हो," मी म्हणालो.

"मोट्यानं बोला."

"आप्पा..."

"मोट्यानं. घरात सूनबाई हाय. त्यो फाटकात उबा हाय. ह्या सगळ्यास्नी मी सोता सांगत फिरलोय सा वर्सं, म्हातारा बिगाडलाय म्हनून. माजं आता कोन ऐकंल? तुमी सांगा."

कारखान्यात माझा आवाज तिसऱ्या यंत्रापलीकडे कधी पोचला नाही. मी उभा राहिलो. सून दारात आली होती. शेतकऱ्याने फाटकाचा गज धरला होता. मी, जितका निघाला तितका, मोठ्याने बोललो:

"यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. चकती मी फिरवली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी मी यांना म्हणालो की तुमचं वय झालं. ते खोटं होतं. स्वतःला वाचवायला मी ते बोललो. आप्पा, तुमचं डोकं तेव्हाही शाबूत होतं आणि आजही आहे. मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा."